ढील

गेल्या वैशाखात मुलाची पुण्याला बदली झाली आणि त्याचे बिऱ्हाड पनवेलहून हलवायचा प्रसंग आला. बिऱ्हाड म्हणजे ते कितीसे! एक पलंग, दोन कपाटे, फ्रिज, पुस्तकांची पाच-सहा खोकी आणि सूनबाईंच्या तुळशीची कुंडी. एका लहानशा टेम्पोत सगळे मावले. टेम्पोवाल्या पोराने वरून ताडपत्री ओढली, नायलॉनची नवी कोरी दोरी आडवीतिडवी घातली, शेवटची गाठ मारली आणि हात झटकले. मी जवळच उभा होतो. पुढे होऊन दोरीवर तळहात टेकला, एक हिसका दिला आणि म्हणालो,

"हे सोड. पुन्हा बांध."

पोराने माझ्याकडे पाहिले, मग माझ्या मुलाकडे पाहिले. मुलगा उन्हाने आणि धावपळीने त्रासला होता. तो म्हणाला, "अहो बाबा, पुण्यापर्यंत तर जायचंय!"

वाक्य साधेच होते. त्यात राग नव्हता, उद्धटपणाही नव्हता. तरी मी एकदम गप्प झालो. हे वाक्य मी पूर्वी ऐकले होते. ऐकले होते म्हणण्यापेक्षा, मीच ते उच्चारले होते असे म्हणणे खरेपणाचे होईल.

माझी सारी नोकरी कळंबोलीच्या लोखंड बाजारात एका वाहतूक कंपनीच्या कचेरीत गेली. मी तिथे भरण्याचा कारकून होतो. भरण्याचा कारकून म्हणजे काय, हे लोकांना समजावून सांगताना माझी नेहमी तारांबळ उडते. कोणी समजतो, मी बिल्ट्या लिहीत असेन. कोणी समजतो, मी हमालांवर ओरडत असेन. दोन्ही गोष्टी मी केल्या. पण माझे खरे काम एवढेच, की ट्रेलरवर माल चढला, बांधून झाला, की त्याच्याभोवती एक फेरी मारायची आणि चिठ्ठीवर सही करायची. ती सही झाल्याखेरीज गाडी फाटकाबाहेर पडत नसे. सही करायला अर्धे मिनिट लागे. फेरी मारायला किती वेळ लागावा, हे मात्र ज्याचे त्याने ठरवायचे.

ही नोकरी मला वडिलांमुळे मिळाली. वडील पाटण तालुक्यातून मुंबईला आले आणि मस्जिद बंदरच्या लोखंडाच्या पेढ्यांवर माथाडी म्हणून राबले. १९६९ चा माथाडी कायदा झाला तेव्हा मी शाळेतही जाऊ लागलो नव्हतो. पण त्या कायद्याने आमच्या घरात काय आले, हे आई पुढे कितीतरी वर्षे सांगत असे. पुढे लोखंडाचा बाजार मुंबईच्या दाटीतून कळंबोलीला हलला, तसे वडीलही हलले, आणि मॅट्रिक झालेला त्यांचा मुलगा कचेरीत चिकटला. वडिलांना अक्षरओळख बेताचीच होती. पण दोरीची भाषा त्यांना येत होती. गावी आजोबा पेंढ्याची गाडी भरत, तेव्हा सोल आवळायचे काम लहानपणापासून वडिलांकडे. कामावर लागलो त्या दिवशी त्यांनी मला एकच गोष्ट सांगितली.

"गाडी उभी असली की सगळंच घट्ट असतं, बाळा."

त्या वेळी मला त्यात विशेष काही वाटले नाही. वडिलांनी सांगितलेल्या गोष्टींत त्या वयात कुणालाच काही विशेष वाटत नाही.

बाहेरच्या माणसाला वाटते, की जड वस्तूला बांधायचे कशाला? अठरा टनांचे लोखंडी धूड. ते आपल्या वजनानेच जागच्या जागी बसेल. मलाही पहिले काही महिने असेच वाटे. पण जड वस्तूचे वजन म्हणजे तिचा शहाणपणा नव्हे. गाडी चालू असताना गाडी आणि माल दोघेही सारख्याच वेगाने धावत असतात. चालकाने ब्रेक दाबला, की गाडीला ते कळते. मालाला ते कोणी सांगायचे? तो आपल्या पूर्वीच्याच वेगाने पुढे निघतो, आणि त्याच्या पुढे असते चालकाची केबिन. वळणावर तो बाजूला निघतो, चढणीवर मागे. जितका माल जड, तितकी त्याची ही निघून जाण्याची इच्छा दांडगी. लोखंडावर लोखंड ठेवले आणि मध्ये तेलाचा एखादा ओघळ असला, तर अठरा टन वजनही साबणाच्या वडीसारखे सरकते. म्हणून खाली लाकडाचे ठोकळे घालायचे, पुढेमागे पाचरी ठोकायच्या, आणि मग साखळ्या.

साखळी घालण्यातही रीत असते. मालावरून घेतलेली साखळी जितकी उभी खाली उतरेल, तितकी ती मालाला दाबून धरते. ती पसरट पडली, की दाब कमी होतो. पाटाशी तिचा कोन ३० अंशांचा झाला, तर तिच्या ओढीतला निम्माच भाग मालाला खाली दाबायच्या कामी येतो. उलट, पुढेमागे सरकण्याला अडवायचे तर पसरट साखळीच उपयोगी. म्हणून काही उभ्या, काही तिरप्या, आणि जोडीची डावी-उजवी सारखी. धारदार कडेवरून साखळी घ्यायची झाली तर मध्ये टायरचा तुकडा घालायचा. कडी मुरगळलेली नसावी, हूक नीट बसलेला असावा. हे सगळे मी फेरी मारताना पाहत असे. निदान पाहायला हवे होते.

आमच्या साखळ्या दारुखान्यातून आणलेल्या होत्या. दारुखान्यात जुन्या बोटी फोडतात, आणि बोटीवर माल जखडायच्या साखळ्या तिथे भंगाराच्या भावात मिळत. त्यांच्याबरोबरच त्या आवळायची दांड्याची यंत्रे मिळत. त्यांना आम्ही बाइंडर म्हणत असू. मधे एक दांडा, दोन्ही अंगांना एकेक हूक. दोन्ही हूक साखळीच्या कड्यांत अडकवायचे आणि दांडा ओढून आडवा करायचा. दांडा एका ठरावीक बिंदूपर्यंत जिवाच्या करारावर विरोध करतो. तो बिंदू ओलांडला की खटकन आपणच खाली बसतो आणि साखळी तंबोऱ्याच्या तारेसारखी ताणली जाते. हाताचा जोर तो साधारण २५ पटींनी वाढवतो. माणसाने ५० किलोंचा जोर लावला, तर साखळीला तो १,२५० किलोंचा मिळतो. मग तो दांडा चुकून उघडू नये म्हणून तारेने बांधून टाकायचा.

यात एक गोष्ट ध्यानात ठेवायची असते. तो २५ पट झालेला जोर कुठे नाहीसा होत नाही. तो साखळीत दडून बसतो, आणि दांडा सुटला तर ज्या वाटेने आत शिरला त्याच वाटेने बाहेर पडतो. म्हणून दांड्याच्या वाटेत तोंड न्यायचे नाही, आणि दांड्याला पाइप घालून तो लांब करायचा नाही. पाइपने जोर दुप्पट होतो आणि धोकाही. ही सूचना मी स्वतः जाड अक्षरांत लिहून आवारातल्या भिंतीवर लावली होती.

आमच्याकडे एक चालक होते. सारे त्यांना तात्या म्हणत. जुन्नरकडचे, काटक, कमी बोलणारे. पानाचा डबा आणि एक जाड घोंगडी एवढाच त्यांचा संसार गाडीत असे. तात्या कुठल्याही मालावर स्वतः साखळ्या घालून घेत आणि प्रत्येक साखळीवर एकदा पायाचा अंगठा टेकत. पायाला हातापेक्षा लवकर कळते असे त्यांचे म्हणणे. घाट चढण्याआधी खोपोलीला गाडी बाजूला घेत आणि पुन्हा सगळ्या साखळ्या पाहत. तीस-पस्तीस किलोमीटरांच्या हादऱ्यांत लाकूड दबते, माल आपली जागा करून घेतो, आणि कळंबोलीत घट्ट असलेल्या साखळीत खोपोलीला बोटभर ढील पडलेली असते. त्यानंतर बोरघाटात शिंगरोबाच्या देवळापाशी एक नाणे. इंग्रजांना घाटाची वाट दाखवणारा तो धनगर. वाट दाखवून झाल्यावर त्यांनीच त्याला गोळी घातली असे सांगतात. चालक मंडळी त्याला नाणे वाहिल्याशिवाय पुढे जात नाहीत. एकदा मी थट्टेने विचारले, "तात्या, शिंगरोबा असताना साखळ्या कशाला पाहता?" ते म्हणाले, "आधी साखळी, मग शिंगरोबा. देवाला आपलं काम सांगू नये."

ही गोष्ट १९९३ च्या दिवाळीतली. धनत्रयोदशीचा दिवस. भोसरीच्या एका कारखान्यासाठी एका प्रेसचा सांगाडा आला होता, वजन अठरा टन. कारखाना लक्ष्मीपूजनाच्या आदल्या दिवशी दुपारी बंद व्हायचा होता, आणि त्याआधी माल पोचायला हवा असा मालकांचा हुकूम होता. मला रात्रीच्या एसटीने गावी जायचे होते. लग्नानंतरची पहिली दिवाळी नव्हे, पण मुलगा झाल्यानंतरची पहिली. हाच मुलगा, ज्याचे बिऱ्हाड मी आता हलवत होतो. पिशवीत त्याच्यासाठी घेतलेले झबले आणि फुलबाज्या होत्या.

सांगाडा चढला. तात्यांनी चार साखळ्या घातल्या आणि म्हणाले, "आणखी दोन पाहिजेत." दोन साखळ्या दुसऱ्या ट्रेलरवर गेल्या होत्या. तो तळोज्याला माल उतरवून रात्री नऊपर्यंत परत यायचा होता. घड्याळात सात वाजले होते. माझी एसटी आठची.

मी फेरी मारली. चारही साखळ्या ताणलेल्या होत्या. खाली आंब्याच्या लाकडाचे ठोकळे होते. लाकूड ओले होते, हे माझ्या लक्षात आले. ते लक्षात आले होते, हे मी इथे मुद्दाम लिहितो. कारण पुढे कितीतरी वर्षे मी स्वतःला सांगत आलो, की अंधारात ते दिसले नव्हते.

"तात्या, चार पुरेत. पुण्यापर्यंत तर जायचंय," मी म्हणालो आणि सही केली.

तात्यांनी चिठ्ठी घेतली, घडी केली, खिशात ठेवली. काही बोलले नाहीत. त्यांचा क्लीनर गाडीच्या मागे रिव्हर्सची शिट्टी मारायला धावला. बीड जिल्ह्यातला पोरगा, एकोणीस-वीस वर्षांचा. अंगावर दिवाळीचा म्हणून घेतलेला नवा शर्ट होता आणि तो खराब होऊ नये म्हणून त्यावर जुना शर्ट घातला होता. मला तो "सायेब, दिवाळी मुबारक" म्हणाला. मुबारक हा शब्द त्याने रस्त्यावर उचलला असावा. मी हात हलवला आणि एसटी स्टँडकडे धावलो.

भाऊबीज करून मी कामावर आलो तेव्हा मला कळले ते असे. खोपोलीला तात्यांनी नेहमीप्रमाणे गाडी थांबवली. ओले लाकूड दबले होते, आणि मागच्या एका साखळीत चार बोटे ढील पडली होती. अशी साखळी पुन्हा आवळायची तर बाइंडर उघडावा लागतो, हूक एक कडी अलीकडे घ्यावा लागतो आणि दांडा पुन्हा ओढावा लागतो. एक कडी अलीकडे घेतली तर दांडा हाताने खाली येईना. पूर्वीच्याच कडीत ठेवली तर साखळी सैल राही. सहा साखळ्या असत्या, तर त्या एकीला थोडी सैल सोडून बाकीच्या पाचांच्या भरवशावर घाट चढता आला असता. चार असल्यावर तसे करता येत नव्हते. तात्या पलीकडच्या बाजूला पाचर ठोकत होते. पोराने दांड्याला पाइप घातला. दांडा अर्ध्याहून अधिक खाली आला, पाइप घसरला, आणि दांडा आला होता त्या वाटेने परत गेला.

त्याच्या उजव्या डोळ्याखालचे हाड मोडले.

तात्यांनी त्याला खोपोलीच्या डॉक्टरकडे नेले, तिथून मिळेल त्या वाहनाने पनवेलला रुग्णालयात पाठवले, आणि स्वतः रात्रभर गाडीपाशी बसून राहिले. माल सोडून जाता येत नव्हते. नऊ वाजता परत आलेल्या त्या दोन साखळ्या पहाटे जीपमधून खोपोलीला गेल्या, दुसरा क्लीनर गेला, आणि सकाळी ट्रेलर घाट चढला. माल दुपारच्या आत भोसरीला उतरला. म्हणजे मी दोन तास थांबलो असतो, तरी माल वेळेवर पोचला असता.

कचेरीत माझ्या टेबलावर पोच येऊन पडली होती. रजिस्टरात नोंद करायची ती मीच. मी लिहिले : "माल पोच. बिनतक्रार." ही नोंद अगदी खरी होती. सांगाड्याच्या रंगाला ओरखडासुद्धा गेला नव्हता. रजिस्टरात रकाने होते ते बिल्टी क्रमांकाचे, वजनाचे, गाडीच्या नंबराचे, चालकाच्या नावाचे, आणि मालाच्या स्थितीचे. ट्रेलरवर दुसरेही एक माणूस असते, याची त्या छापील पानाला कल्पना नव्हती.

मी त्याला भेटायला गेलो. चेहऱ्याची एक बाजू पट्टीखाली होती. मला पाहताच तो उठून बसायची धडपड करू लागला. म्हणाला, "सायेब, तुमची पाटी वाचली होती मी. तरी पाइप घातला. माझीच चूक." मी काहीतरी पुटपुटलो. फळांची पिशवी खाटेखाली ठेवली. त्या क्षणी मी म्हणू शकलो असतो, की दोन साखळ्या कमी होत्या आणि त्या मी कमी केल्या होत्या. मी म्हणालो, "काळजी घे."

डोळा वाचला. पण पुढे त्याला एका वस्तूच्या दोन दिसू लागल्या. डोळ्याखालचे हाड मोडले, की डोळा हलवणारा स्नायू कधी कधी त्यात अडकतो, असे डॉक्टरांनी सांगितले. क्लीनर माणूस चार-पाच वर्षे उस्तादाच्या शेजारी बसतो, टायर बदलतो, साखळ्या ओढतो, ते एका आशेवर : एक दिवस आपण त्या पलीकडच्या बाजूला बसू. ज्याला एका रस्त्याचे दोन रस्ते दिसतात, त्याला ते कसे जमावे? मालकांनी त्याला काही रक्कम दिली. तो गावी भावाच्या शेतावर गेला. मी तीन वर्षे दिवाळीला त्याला मनिऑर्डर पाठवली. चौथ्या वर्षी ती परत आली. वर शेरा होता : पत्त्यावर राहत नाही.

तात्या माझ्याशी याविषयी कधी बोलले नाहीत. फक्त त्या दिवाळीनंतर त्यांनी एक सवय लावून घेतली. माल बांधून झाला, की मला हाक मारायची आणि माझ्यासमोर साखळ्या मोठ्याने मोजायच्या. "एक. दोन. तीन. चार. पाच. सहा." मग माझ्याकडे पाहत उभे राहायचे. मी "बरोबर" म्हटल्याशिवाय केबिनमध्ये चढायचे नाही. इतरांना त्याची गंमत वाटे. मला ती पहिल्या वर्षी शिक्षा वाटली, दुसऱ्या वर्षी टोचणी, आणि पुढे पुढे तो आमच्यातला एक प्रकारचा नमस्कारच होऊन बसला. ते निवृत्त होऊन गावी निघाले त्या दिवशी मी त्यांना फाटकापर्यंत पोचवायला गेलो आणि म्हणालो, "तात्या, त्या दिवशी मी सही करायला नको होती." ते थोडा वेळ पानाच्या डब्याचे झाकण चाचपत राहिले. म्हणाले, "सही तुमची होती. किल्ली माझ्या हातात होती." एवढेच.

मीही आता निवृत्त होऊन काही वर्षे झाली. माझा पुतण्या अमेरिकेत ओहायो राज्यात असतो. काकांना साखळ्यांचे वेड आहे हे ठाऊक असल्यामुळे त्याने मध्यंतरी मला तिथले माल बांधण्याचे नियम पाठवले. २००२ साली ठरलेले आणि २००४ च्या जानेवारीपासून लागू झालेले. इतर निवृत्त माणसे पोथी वाचतात तसे मी ते नियम चष्मा पुसून पुसून वाचले. तिथे म्हटले आहे, की करकचून ब्रेक दाबला असता मालाच्या वजनाच्या ०.८ पट इतका पुढचा रेटा बांधणीने सोसला पाहिजे. बाजूचा आणि मागचा निम्मा. सगळ्या साखळ्यांची मिळून काम करण्याची क्षमता मालाच्या वजनाच्या निदान निम्मी हवी. आणि चालकाने पहिल्या ८० किलोमीटरांच्या आत थांबून बांधणी पाहावी, मग दर तीन तासांनी किंवा २४० किलोमीटरांनी पुन्हा. तात्यांनी हे नियम पाहिले नव्हते. पण ते तीस-पस्तीस किलोमीटरांवरच थांबत असत.

त्या रात्री मी कागद-पेन्सिल घेऊन बसलो. अठरा टनांचे निम्मे नऊ टन. तिकडे ट्रेलरवर वापरतात ती ७० क्रमांकाची साखळी, तीन अष्टमांश इंच जाडीची, सुमारे तीन टनांच्या कामाला चालते. आमच्या साखळ्याही तेवढ्याच जाडीच्या होत्या. मालावरून घेऊन दोन्ही बाजूंना अडकवलेल्या अशा चार म्हणजे बारा टन. नऊ लागत असताना बारा! मी हिशोब दोनदा तपासला. तीस वर्षांनंतर एका परक्या मुलुखाच्या कायद्याने मला निर्दोष ठरवले होते. खोटे कशाला सांगू, मला त्या रात्री बरे वाटले.

दोन दिवसांनी पुढचे पान वाचले. ज्या साखळीवर तिचा क्रमांक ठोकलेला नाही, ती सर्वांत हलक्या जातीची समजावी, असा नियम आहे. त्याच जाडीची तसली साखळी १,२०० किलोंपुरतीच धरतात. दारुखान्याच्या आमच्या साखळ्यांवर कसलाही शिक्का नव्हता. असलाच तर गंजाने खाल्ला होता. चार साखळ्यांचे झाले ४.८ टन. तात्यांच्या सहा धरल्या तरी ७.२. नऊ टनांना आठ साखळ्या लागत होत्या. म्हणजे तात्यासुद्धा कमीच मागत होते!

कागद तसाच पुढ्यात ठेवून मी बराच वेळ बसून राहिलो. आधीच्या हिशोबाने मी सुटलो होतो, नंतरच्या हिशोबाने आम्ही दोघेही अडकलो होतो, आणि खोपोलीच्या त्या रात्रीत दोन्ही हिशोबांनी काहीच बदल होत नव्हता. साखळी तुटली नव्हती. माल सरकला नव्हता. चार साखळ्या किती टनांच्या, हा प्रश्न त्या संध्याकाळी माझ्या मनात आलाच नव्हता. माझ्या मनात आठची एसटी होती. एका जाणत्या माणसाने मला आणखी दोन हव्यात असे सांगितले होते, लाकूड ओले आहे हे मला दिसले होते, आणि मी सही केली होती. याला कोणत्या क्रमांकाची साखळी लावून मोजायचे?

असो. मी टेम्पोविषयी सांगत होतो.

पोराने दोरी पुन्हा बांधली, ती माझ्या समाधानासाठी. खोपोलीला व्याह्यांकडे एक कपाट उतरवायचे होते, म्हणून आम्ही जुन्या रस्त्याने निघालो. मी आणि मुलगा त्याच्या मोटारीत टेम्पोच्या मागे होतो. खोपोली आली. कपाट उतरले, चहा झाला, टेम्पोवाल्याने उरलेल्या सामानावर दोरी पुन्हा टाकली आणि तो निघायच्या तयारीत होता. मी या वेळी काही बोललो नाही. एकाच दिवशी दोनदा म्हाताऱ्याने हट्ट करू नये, असे मी स्वतःला बजावले होते.

मुलगाच पुढे झाला. त्याने दोरीवर तळहात टेकला. माझ्याकडे न पाहता एक हिसका दिला.

"ढील आहे," तो म्हणाला.

"काका, दोरी नवीन आहे. ताण घेते ती," टेम्पोवाला म्हणाला.

त्या दोघांनी मिळून ती आवळली. मी उन्हात उभा राहून पाहत होतो. गाड्या निघाल्यावर मुलाने विचारले, "सकाळी तुम्ही एकदम गप्प का झालात?" तीस वर्षांत जे कुणाला सांगितले नव्हते, ते मग मी त्याला सांगितले, तात्या, चार साखळ्या, ओले लाकूड, त्याच्यासाठी घेतलेले झबले, सगळे. तो गाडी चालवत होता म्हणून बरे झाले. त्याला माझ्याकडे पाहता येत नव्हते. घाट लागला. शिंगरोबापाशी त्याने गाडीचा वेग कमी केला. मी खिडकीतून एक नाणे टाकले.

थोडे पुढे गेल्यावर त्याने विचारले, "बाबा, त्या क्लीनरचं नाव काय होतं?"

नाव मला आठवत होते. मी ते सांगितले.